पाच कुटुंबं, चाळीस एकर: अमेरिकेत सामाईक जमिनीवर स्वस्तात राहायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की नॉर्थ कॅरोलिनाच्या राली-कॅरी भागातली तुम्ही पाच मराठी कुटुंबं मिळून चॅटम काउंटीच्या बाजूला ४० एकर जमीन बघताय, एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढून ती घ्यायची, पाच छोटी घरं बांधायची, मधे एक मोठं कॉमन किचन, भाजीपाला, आईबाबा आले की मोकळेपणाने राहतील, पुढे रिटायरमेंटही तिथेच, आणि हे सगळं सबर्बातल्या घराच्या निम्म्या खर्चात बसेल का. बसू शकतं. मी अशा ग्रुप्सचे हिशोब आणि करारांचे मसुदे करायचं काम नॉर्थ कॅरोलिना आणि आजूबाजूच्या राज्यांत बरीच वर्षं करतेय आणि स्वतः लीजच्या सामाईक जमिनीवर राहते. वकील नाहीये, त्यामुळे सही करायच्या आधी इथला रिअल इस्टेट वकील लागणारच, पण वकिलाकडे जाण्याआधी तुमच्यात काय ठरलेलं असायला हवं ते सांगू शकते.

तुम्ही लिहिलेल्या दोन पानांत जमिनीचा भाव आहे, घरांचे प्लॅन आहेत, सोलरचं कोटेशनसुद्धा आहे, पण एखादं कुटुंब सोडून गेलं तर त्याला किती पैसे, कुठून आणि किती दिवसांत द्यायचे यावर एक ओळ नाहीये. माझ्या मते सगळ्यात आधी तेच लिहायला हवं. जमीन स्वस्त मिळाली म्हणून घर स्वस्त राहत नाही, बाहेर पडण्याचा नियम पक्का असला तर राहतं.

मी ज्यांचे हिशोब बघायचे अशा एका ग्रुपमधलं जोडपं नोकरीसाठी दुसऱ्या टोकाला गेलं. करारात एवढंच होतं की जाणाऱ्याला 'बाजारभावाने' हिस्सा मिळेल. आता बाजारभाव काढायचा कसा? अप्रेझर, म्हणजे किंमत ठरवणारा, येऊन गेला, त्याने सांगितलं की सामाईक जमिनीवरच्या, वेगळं टायटल नसलेल्या घराची या काउंटीत तुलनेला एकही विक्री नाही, मी आकडा देऊ शकत नाही. जोडप्याने ऑनलाइन बघून शेजारच्या स्वतंत्र घराचा भाव धरला, उरलेल्यांनी बांधकामाचा खर्च धरला, दोन्हीत जवळपास दुपटीचा फरक. कोणीही वाईट नव्हतं हो, सगळी जवळची माणसं होती, एकमेकांची मुलं सांभाळलेली. पण उरलेल्या चौघांकडे तेवढी रोकड नव्हती आणि बँक त्यासाठी कर्ज देईना, म्हणून शेवटी जंगलाचा भाग विकला, आणि तोही पडत्या भावात.

तुमच्यातल्या एकाने सुचवलंय की एलएलसीची भानगड नको, पाचही नावं डीडवर (मालकीच्या दस्तावर) टाकू. हे म्हणजे भावकीतला सामाईक सातबारा. पाचातला कोणीही एक, किंवा त्याचा घटस्फोटित जोडीदार, किंवा उद्या त्याचे वारस, कोर्टात वाटपाचा दावा लावू शकतात, आणि जमीन नीट वाटता येत नसेल तर कोर्ट अख्खी जमीन विकायला लावू शकतं. अमेरिकेच्या दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या वारसाहक्काने चालत आलेल्या कितीतरी काळ्या शेतकरी कुटुंबांच्या जमिनी याच वाटेने गेल्यात, एखाद्या लांबच्या वारसाचा हिस्सा बाहेरचा माणूस विकत घेतो आणि मग दावा लावतो. एलएलसी यापेक्षा बरी, कारण त्यात ऑपरेटिंग अॅग्रीमेंट, म्हणजे सभासदांचा आपापसातला करार, असतो आणि हिस्सा परस्पर विकायला बंदी घालता येते. पण एलएलसी मुळात गुंतवणुकीचं भांडं आहे, तिच्यात प्रत्येकाच्या हिश्श्याची किंमत वाढत जाते, आणि दहा वर्षांनी नवीन तरुण कुटुंबाला आत यायचं असेल तर त्याला वाढलेल्या भावाने हिस्सा घ्यावा लागतो. म्हणजे स्वस्ताई फक्त पहिल्या पाच जणांपुरती.

मी ज्याची शिफारस करते तो प्रकार तिसरा: जमीन एका ट्रस्टची किंवा ना-नफा संस्थेची, घर तुमचं, आणि जमिनीवर तुमचं ९९ वर्षांचं लीज. याला इथे कम्युनिटी लँड ट्रस्ट म्हणतात. आणि याचं एक मूळ आपल्याकडे आहे हे मला मनापासून सांगायचंय कारण इथल्या मराठी लोकांना ते सहसा माहीत नसतं. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९५१ मध्ये भूदान सुरू केलं, आणि त्यातूनच पुढे ग्रामदान आलं, म्हणजे एकेकट्याला तुकडा देण्यापेक्षा जमीन गावाच्या नावावर, कारण एकट्याचा तुकडा कर्जापायी हातचा जाऊ शकतो. राल्फ बोरसोडी आणि बॉब स्वान या दोन अमेरिकन माणसांनी हा विचार उचलला. बोरसोडी स्वतः भारतात राहून आलेले. त्याच सुमाराला जॉर्जियातले स्लेटर किंग, चार्ल्स शेरॉड हे नागरी हक्क चळवळीतले लोक विचार करत होते की मतदानासाठी नाव नोंदवलं म्हणून मळ्यावरून हाकलून दिलेल्या काळ्या कुटुंबांनी राहायचं कुठे. स्वान आणि ही मंडळी १९६८ मध्ये इस्राएलला जाऊन लीजच्या जमिनीवरच्या सहकारी वस्त्या बघून आली, आणि १९६९ मध्ये न्यू कम्युनिटीज नावाची संस्था उभी राहिली. जॉर्जियाच्या ली काउंटीत जवळपास ५,७०० एकर. त्या काळात देशात काळ्या लोकांच्या मालकीचा एवढा मोठा सलग जमिनीचा तुकडा दुसरा नव्हता.

पुढे काय झालं तेही बघा कारण तुमच्या उपयोगाचं आहे. दुष्काळ पडला, सरकारी शेतकर्ज मागितलं तर ते गोऱ्या शेतकऱ्यांना मिळायचं तसं मिळालं नाही, फार उशिरा आणि जाचक अटींवर मिळालं, आणि १९८५ मध्ये सगळी जमीन जप्तीत गेली. काळ्या शेतकऱ्यांनी शेती खात्याविरुद्ध लढलेल्या भेदभावाच्या खटल्यातून २००९ मध्ये न्यू कम्युनिटीजला सुमारे १.२ कोटी डॉलर मिळाले, आणि २०११ मध्ये त्यांनी जॉर्जियातल्याच ऑल्बनीजवळ १,६३८ एकरांचा जुना मळा घेतला जिथे कधीकाळी गुलाम राबत होते. न्याय झाला पण २४ वर्षांनी, आणि पहिली जमीन ती गेलीच. म्हणून मी प्रत्येक ग्रुपला सांगते की ट्रस्टची जमीन शेतीच्या किंवा धंद्याच्या कर्जाला कधीही तारण ठेवू नका, राहत्या जमिनीचं आणि कमाईचं खातं वेगळं ठेवा, आणि हे उपविधीत लिहा, नुसतं तोंडी ठरवू नका.

आता लीजच्या पद्धतीत बाहेर पडण्याचा हिशोब कसा बसतो ते आकड्यात. समजा तुमचं घर (फक्त घर, जमीन नाही) आत येताना २,००,००० डॉलरला पडलं. दहा वर्षांनी अप्रेझल आलं २,८०,०००. लीजमध्ये सूत्र असतं की जाणाऱ्याला मूळ किंमत अधिक वाढीच्या २५ टक्के, म्हणजे ८०,००० च्या २५ टक्के २०,०००, एकूण २,२०,०००. नवीन येणारा तेवढेच देतो. उरलेली ६०,००० ची वाढ कोणाच्याच खिशात जात नाही, ती घराच्या स्वस्ताईत राहते. टक्का तुम्ही ठरवा, काही जण महागाई निर्देशांकाला बांधतात, पण सूत्र सहीच्या दिवशी लिहिलेलं हवं. आणि वर जो अप्रेझरचा घोळ सांगितला तो टाळायला हेही लिहा की अप्रेझल कोण करणार, घर स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर आहे असं धरून करणार की लीजवरचं. इथे पाचही कुटुंबांनी प्रामाणिकपणे एकमेकांना सांगायला हवं की आपल्याला राहायला जागा हवीय की गुंतवणूक. गुंतवणूक हवी असणं अजिबात चूक नाही, पण मग ते लीजवरच्या जमिनीत होणार नाही आणि हे पाच वर्षांनी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

अमेरिकेत यापेक्षा फार पुढे गेलेली उदाहरणं आहेत, बघून या, राहून या. व्हर्जिनियाच्या लुइझा काउंटीत ट्विन ओक्स ही सामाईक वस्ती १९६७ पासून आहे, तंबाखूच्या १२३ एकर शेतावर आठ जणांनी सुरू केलं. तिथे उत्पन्नच सामाईक, आठवड्याला साधारण ४२ तास काम, त्यात स्वयंपाक आणि मुलं सांभाळणंही धरतात, बदल्यात घर, जेवण, औषधोपचार आणि थोडा हातखर्च. आत यायला पैसे लागत नाहीत, पण आधी तीन आठवडे पाहुणा म्हणून राहावं लागतं. हॅमॉक (दोरीचे झुले) विणून आणि टोफू करून त्यांनी इतकी वर्षं काढली, २०२४ च्या वसंतात वणव्यात त्यांची गोदामं जळाली आणि हॅमॉकचा धंदा बसला. पूर्ण सामाईक उत्पन्न हे आपल्या नोकरदार, भारतात पैसे पाठवणाऱ्या कुटुंबांना जमेल असं मला वाटत नाही, पण बायकांचं घरकाम तासांत मोजायची त्यांची पद्धत जरूर घ्या. तुमच्या पाच कुटुंबांत कॉमन किचन कोण चालवणार हे लिहिलं नाहीत तर ते आपोआप कोणाच्या गळ्यात पडेल हे तुम्हाला माहितीये.

तुमच्या कल्पनेच्या जवळ जाणारं म्हणजे मिसूरीतलं डान्सिंग रॅबिट, १९९७ मध्ये २८० एकर घेतली, जमीन ट्रस्टची, लोक प्लॉट लीजवर घेऊन स्वतः घर बांधतात, गाड्या सामाईक. त्यांनी मुद्दाम अशी काउंटी निवडली जिथे झोनिंग (कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल याचे नियम) नाही आणि बिल्डिंग कोड नाही, म्हणून हाताने गवताच्या गाठींची छोटी घरं बांधता आली. आणि तुमच्याच राज्यात ब्लॅक माउंटनजवळ अर्थहेवन आहे, १९९४ पासून, ३२९ एकर. दोन्हीकडे पाहुण्यांसाठी कार्यक्रम असतात. जाल तेव्हा घरं बघण्यात वेळ घालवू नका, त्यांची मीटिंग बघायला परवानगी मागा.

आता जमिनीकडे. तुम्ही लिहिलंय की पूर्व चॅटममध्ये आहे आणि भाव आजूबाजूपेक्षा कमी आहे. भाव कमी का आहे ते मी जमीन न बघताही अंदाजाने सांगू शकते. डरमपासून कॅरीच्या पश्चिमेकडून पूर्व चॅटममधून खाली याच राज्यातल्या ली काउंटीपर्यंत ट्रायासिक बेसिन म्हणतात तो पट्टा जातो, तिथली चिकणमाती पाणी मुरू देत नाही. गावात सुएज लाइन नसते, प्रत्येक घराला सेप्टिक (सांडपाण्याची टाकी आणि ते जमिनीत मुरवायची सोय) लागतं, आणि सेप्टिक बसेल की नाही हे माती ठरवते. लायसन्स असलेला सॉइल सायंटिस्ट येतो, हातातल्या ऑगरने भोक पाडत जातो, दर फूटभर मातीचा गोळा काढून पाणी शिंपडून अंगठा आणि बोटामधून तिची फीत काढतो. फीत लांब निघाली, न तुटता लोंबत राहिली की समजायचं चिकण जास्त. मग तो रंग बघतो. लाल-पिवळी माती म्हणजे हवा खेळतेय, पण त्यात करडे राखाडी ठिपके दिसले की तिथे पावसाळी महिन्यांत पाणी साचून राहतं, भले तुम्ही गेलात त्या दिवशी कोरडी ठणठणीत असो. ते ठिपके किती खोलीवर सुरू होतात त्यावर तुमच्या घरांची संख्या ठरते. इथे दर बेडरूममागे दिवसाला साधारण १२० गॅलन पाणी धरून ड्रेनफील्ड, म्हणजे सांडपाणी मुरवायची जागा, काढतात, आणि शिवाय तेवढीच जागा पुढे दुरुस्तीसाठी राखीव ठेवावी लागते. ४० एकर असून दोनच घरांची माती निघाली असं मी बघितलंय. कॉमन किचनला आरोग्य विभाग कोणत्या वर्गात टाकतो तेही आधीच विचारा, त्याचं सेप्टिक वेगळं धरलं तर खर्च बराच बदलतो.

नॉर्थ कॅरोलिनात करार करताना ड्यू डिलिजन्स फी (जमीन तपासायला मुदत मिळावी म्हणूनची रक्कम) सहसा विकणाऱ्याला द्यावी लागते आणि तुम्ही मागे फिरलात तर ती परत मिळत नाही, त्यामुळे माती तपासायला पुरेल एवढी मुदत मागून घ्या आणि फी लहान ठेवा. किंवा मालक तयार असेल तर कराराच्या आधीच तपासा, माझी पसंती यालाच. त्याच वेळी रस्त्याचं बघा: सार्वजनिक रस्त्यापासून तुमच्या जमिनीपर्यंत कायदेशीर, नोंदवलेला ईझमेंट (वाटेचा हक्क) आहे का, आणि खाजगी रस्ता दुरुस्त कोण करणार. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळात राज्याच्या पश्चिम भागात रस्ते आणि पूल वाहून गेले, तेव्हा खाजगी रस्त्यांवर राहणाऱ्या कितीतरी लोकांना तो खर्च आपला आहे हे पहिल्यांदा कळलं.

तुमच्यातले एक जण म्हणतायत की पाच तुकडे करून घेऊ म्हणजे वादच नको. इथे प्रत्येक तुकडा १० एकरपेक्षा जास्त असेल आणि नवीन सार्वजनिक रस्ता द्यावा लागत नसेल तर सबडिव्हिजनचे (जमिनीचे तुकडे पाडण्याचे) नियम लागत नाहीत. पण "पेक्षा जास्त" म्हणजे पेक्षा जास्तच, ४० एकरांत तसे तीनच तुकडे निघतात, चारसुद्धा नाहीत. पाच करायचे तर काउंटीची मंजुरी, सर्व्हे, रस्त्याचं स्टँडर्ड, आणि तिथे स्वस्ताई संपते. न तोडता एकाच जमिनीवर पाच घरं चालतील का हे त्या पार्सलच्या (जमिनीच्या तुकड्याच्या) झोनिंगवर आहे, काउंटीच्या प्लॅनिंग ऑफिसात पार्सल नंबर घेऊन जा आणि उत्तर ईमेलने लेखी घ्या.

टॅक्सचं एक. ब्रोकरने तुम्हाला जो कमी प्रॉपर्टी टॅक्स दाखवलाय तो बहुतेक शेती किंवा जंगलाच्या वापराच्या सवलतीचा आहे. शेतीला किमान १० एकर, फळं-भाज्यांना ५, जंगलाला २० आणि बाकीच्या अटी, आणि कंपनीच्या नावावर जमीन असेल तर त्या कंपनीचा मुख्य धंदा शेती हवा वगैरे. तुम्ही राहण्यासाठी काढलेल्या एलएलसीच्या नावावर घेतलीत तर सवलत जाऊ शकते, आणि गेली की मागच्या तीन वर्षांचा फरक व्याजासकट भरावा लागतो. तो कोण भरणार हे विक्रीच्या करारात लिहून घ्या.

बँकेबद्दल फार लिहीत नाही, नेहमीचं ३० वर्षांचं होम लोन एका घराला, एका टायटलला मिळतं, सामाईक जमिनीवरच्या घराला ते मिळणं अवघड. लीजवरच्या घरांना काही बँका देतात कारण लँड ट्रस्टच्या लीजसाठी ठरलेले फॉर्म आहेत, हाही लीजच्या बाजूने एक मुद्दा. पाचही जणांनी एकाच कर्जावर सह्या मात्र करू नका, एकाची नोकरी गेली की हप्ता चौघांच्या माथी.

आता आपल्या लोकांचा खास मुद्दा, आणि हा इथले वकीलही कधीकधी विसरतात. तुमच्यात दोन कुटुंबं अजून एच१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत. ग्रीन कार्ड नसलेल्या माणसाने शेतजमीन घेतली तर १९७८ च्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांत शेती खात्याला फॉर्म भरून कळवावं लागतं, नाही कळवलं तर दंड जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. छोट्या, १० एकरांपर्यंतच्या जमिनीला सूट असते, तुमची ४० आहे. एलएलसीत अशा माणसाचा १० टक्के किंवा जास्त हिस्सा असेल तरी हे लागू होऊ शकतं, आणि पाचात प्रत्येकाचा २० टक्के होतो. काही राज्यांत, उदाहरणार्थ आयोवात, परदेशी नागरिकांनी शेतजमीन घेण्यावरच निर्बंध आहेत, म्हणून दुसरीकडे जमीन शोधलीत तर हे आधी बघा. आणि एच१बीवरच्या माणसाने स्वतःच्या परसात भाजी लावणं वेगळं, ती फार्मर्स मार्केटमध्ये विकणं वेगळं, दुसऱ्यात व्हिसाच्या अटी मोडू शकतात. ठरलेल्या तासांचं काम सामाईक धंद्यासाठी करणंही त्यातच येऊ शकतं. इमिग्रेशन वकिलाला हे दोन प्रश्न लेखी विचारा.

तुम्ही असंही लिहिलंय की पुढे सहावं कुटुंब घ्यायचं झालं तर "फक्त मराठी" अशी अट ठेवू. ठेवू नका, लिहू तर मुळीच नका. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने घर देताना वंश, धर्म, मूळ देश यावरून निवड करायला बंदी आहे, आणि जाहिरातीत किंवा ग्रुपच्या मेसेजमध्ये तसं लिहिणंही त्यात येतं. भाषेची अट मूळ देशाच्या अटीसारखीच धरली जाण्याची शक्यता मोठी. गणपती बसवा, पुरणपोळ्या करा, मुलांची मराठी शाळा चालवा, ज्यांना आवडेल ते येतील. प्रवेशाच्या अटी कामाच्या आणि पैशाच्या ठेवा: महिन्याला इतके तास, लीजचं भाडं वेळेवर, सहा महिने सोबत राहून बघणं.

आणि एक पर्याय, जो आपल्या लोकांना ऐकताच नकोसा वाटतो पण खरंच स्वस्त हवं असेल तर अमेरिकेच्या ग्रामीण भागात माझ्या माहितीत सगळ्यात जास्त चाललेला तोच आहे. मोबाइल होम पार्क. न्यू हॅम्पशरमध्ये १९८४ साली मेरेडिथमधल्या भाडेकरूंनी एका ना-नफा कर्जसंस्थेच्या मदतीने आपल्या घरांखालची जमीन सहकारी पद्धतीने विकत घेतली, आज त्या एका राज्यात अशा शंभराहून जास्त वस्त्या आहेत. जमीन सहकारी संस्थेची, घर आपलं, सभासदाचा शेअर लहान, जागाभाडं सभासदांनीच ठरवायचं. स्वस्त का पडतं, तर विहीर, सेप्टिक, रस्ते, वीज आधीपासून असतात आणि परवानगीही. कोऱ्या जमिनीवर पैसा खातात त्या नेमक्या याच गोष्टी. तुम्हाला पार्क घ्यायचा नसेल तरी यातून एवढं घ्या की कोऱ्या ४० एकरांऐवजी जुना समर कॅम्प, बंद पडलेलं रिट्रीट सेंटर किंवा दोन-तीन घरं आणि चालू विहीर असलेलं फार्म शोधा. एकरी भाव जास्त दिसेल, एकूण खर्च कमी येईल.

आईबाबांसाठी मात्र दोन गोष्टी बघा, हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे, आणि गाडी न चालवता त्यांना दिवसभरात चालत कोणाकडे तरी जाता येईल का. घरं ४० एकरांवर विखरू नका, विहिरीजवळ एका कडेला जवळजवळ बांधा, पाइप आणि तारांचा खर्चही वाचतो. आजीला चहाला शेजारी जाता आलं पाहिजे.

पुढे असं करा. या महिन्यात ब्रोकरला काही कळवू नका. पाचही कुटुंबांनी वेगवेगळं बसून कागदावर लिहा की आपण तीन वर्षांनी गेलो तर किती पैसे परत मिळावेत आणि किती दिवसांत, आणि दुसरं कुटुंब गेलं तर आपण आपल्या खिशातून किती द्यायला तयार आहोत. दोन्ही आकडे एकत्र बसून एकमेकांना दाखवा. ते जुळत असतील किंवा बोलून जुळवता आले तर मग सॉइल सायंटिस्टला बोलवा, त्याचा रिपोर्ट आणि काउंटीचा ईमेल आला की मला पाठवा, लीजच्या मसुद्यावर बसू.